पहिली फेरी घरची

आबा,

आज कंपनीला सुट्टी आहे. सकाळचा चहा झाला, आईचं देवाचं आटोपलं, आणि मी जेवणाच्या टेबलावर कोरे कागद, तासलेली पेन्सिल आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसले. आपल्या आकाशपाळण्याचं गणित करायचं होतं. जत्रांतून तुम्ही उभा करायचात तो पाळणा, जो माझ्या एका शब्दावर तुम्ही कापून टाकलात, तो खरंच धोक्याचा होता की नव्हता, एवढंच काढायचं होतं. असली गणितं मी रोज करते, त्याचाच पगार मिळतो मला. पण कागदावर पेन्सिल टेकवली तर हातून 'आबा' असं लिहून झालं, आकडे राहिले बाजूला आणि हे सुरू झालं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता हे वाचणार कोण, हे समजतं मला. कळतं पण वळत नाही म्हणतात ना, त्यातलाच प्रकार.

आधी मी हल्ली काय करते ते सांगते, कारण तुम्ही गेलात तेव्हा मी सांगलीत विश्रामबागेतल्या कॉलेजात पोरांना शिकवत होते आणि तुम्हाला तेवढंच ठाऊक आहे. ते सोडलं. आता साताऱ्याला एमआयडीसीतल्या एका लहानशा कंपनीत आहे, आई माझ्याजवळच असते. आमच्याकडे अवकाशात जाऊन उघडणाऱ्या वस्तू तपासतात. घाबरू नका, सोपं आहे. रॉकेटात जागा कमी, म्हणून लांबलचक गोष्टी घडी घालून नाहीतर गुंडाळून न्यायच्या आणि वर गेल्यावर उघडायच्या. सुताराची पत्र्याची मोजपट्टी असते बघा, डबीत गुंडाळलेली, ओढली की ताठ उभी राहणारी. तशीच एक पट्टी, पण कार्बनच्या धाग्यांची, पुठ्ठ्याहून पातळ, आणि उघडली की आपल्या सबंध ओसरीहून लांब. तिच्या टोकाला अँटेना. ती वर जाऊन मधेच मुरगळली तर दुरुस्तीला तिथं कोण शिडी लावून चढणार? म्हणून ती खाली आहे तोवरच तिला जितका म्हणून त्रास देता येईल तितका द्यायचा, हे माझं काम. छताला रूळ लावलेत, त्यांवरून दोऱ्यांनी ती पट्टी तोलून धरतो, म्हणजे जणू तिला वजनच नाही. मग टोकाला थोडं थोडं रेटत जायचं आणि बघायचं, कुठवर तग धरते. शेवटी मी कागदावर सही करते, ही चालेल किंवा ही चालणार नाही. तुमच्या भाषेत, ओके रिपोर्ट.

शब्द तुमचाच आहे तो. तुम्ही फौजेतून सुटून फलटणच्या अलीकडं आपल्या गावी आलात, भावांनी तुमच्या वाटणीचा ऊस दाखवला, तर म्हणालात, "ऊस काय कुनीबी लावंल." आणि पाळणा घेऊन आलात. चुलते किती हसले होते! "लोक फौजेतनं येताना ट्रंक आणत्यात, ह्या गड्यानं खुळखुळा आणला," म्हणायचे. तुम्हाला त्याचं काही नव्हतं. चैत्र लागला की ट्रकात लोखंड भरायचं आणि जत्रा गाठायच्या, माण तालुक्यापासून पार तासगाव-मिरजेपर्यंत. शाळा सुटली की आई आणि मीपण ट्रकात. पाळणा उभा करायला सबंध दिवस जायचा. आधी दोन्हीकडच्या कात्रीसारख्या उभ्या कैच्या, त्यांवर आस, मग आरे, मग बसायचे डबे, आणि चारी अंगांनी जमिनीतल्या खुंटांना बांधलेल्या ताणाच्या तारा. प्रत्येक लोखंडावर पांढऱ्या रंगानं नंबर घालायचं काम माझं, त्यामुळं कुठला तुकडा किती लांब आणि किती जाड हे मला आजही पाठ आहे. पण एवढं सगळं उभं राहिलं तरी तिकीट सुरू व्हायचं नाही. पाळणेवाल्यांची रीत होती, पहिली फेरी घरची. मालकाच्या घरचं माणूस वर जाऊन फिरून खाली आल्याबिगर परक्याचं लेकरू बसवायचं नाही. आई बसायची नाही. "माझ्या पोटात गोळा येतो, तुमी आन तुमची लेक काय ते बघा," म्हणायची. म्हणून मी बसायचे. एकटी, पिवळ्या डब्यात, साखळी लावून. भरल्या गावासमोर पाळणा फिरायचा, मी वरून हात हलवायचे. खाली उतरले की तुम्ही टाचा जुळवून विचारायचात, "ओके रिपोर्ट?" आणि मी कडक सलाम ठोकून ओरडायचे, "ओके रिपोर्ट, साब!" मग नारळ फुटायचा आणि बाया पोरांना घेऊन रांगेला लागायच्या. मला भीती कधी वाटली नाही. तुम्ही खाली उभे असताना कसली आलीय भीती.

आणि मग ती तासगावकडची जत्रा. मी नुकतीच कॉलेजात लागले होते. माझ्याबरोबरच्या दोन मॅडम, दोघी सांगलीत वाढलेल्या, हौसेनं म्हणाल्या की आम्हाला खेड्यातली जत्रा दाखव. तुम्ही पाळणा फिरवता हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. 'वडील फौजेत होते' म्हणायचं आणि गप्प बसायचं, आणि ते खोटं नव्हतंच. त्या जत्रेत तुम्ही असणार हे माहीत असून मी त्यांना आपली देवळाकडून मिठाईकडं आणि मिठाईकडून बांगड्यांकडं फिरवत होते. पण पाळणा काय झाकून ठेवायची वस्तू आहे? तुमची नजर तर फौजेची. भोंग्यातून आवाज आला, "आवं मंडळी, जरा इकडं बगा! आज पयली फेरी आमची लेक करनार. इंजिनेर झालीया, सांगलीला कालेजात मास्तरीण हाय!" सगळी जत्रा वळून बघायला लागली. त्या दोघी पण. एक जण हळूच म्हणाली, "अय्या, हे तुझे वडील?" त्या अय्यानं माझ्या अंगाची नुसती लाही झाली. ती काही वाईट मनानं म्हणाली नव्हती बिचारी. पण मला तुमचं मळकं धोतर दिसलं, ग्रीस लागलेले हात दिसले, आणि लाज वाटली. तुमची लाज वाटली मला, आबा.

तुम्ही पिवळ्या डब्याची साखळी काढून उभे होता. नवी धुतलेली सतरंजी घातली होती त्यात, माझ्यासाठी. त्याआधी रिकामा पाळणा हळूहळू फिरताना मी पाहिला होता. वारा सुटला होता आणि प्रत्येक फेरीत सगळा सांगाडा किंचित एका अंगाला डुलत होता. ते मी पाहिलं, त्यात खोटं नाही. पण तो दर जत्रेत असाच डुलायचा का, हे मला सांगता येईना, कारण पहिल्या फेरीला मी कायम वर असायचे. नंतर खाली असले तरी त्या नजरेनं पाळणा मी कधी बघितलाच नव्हता.

"आबा, हा हलतोय," मी म्हणाले.

"वारं हाय, बाळ. हलनारच की."

"नाही. हा सुरक्षित नाही. यात कुणीच बसू नये."

भोंगा चालूच होता. माझं बोलणं जत्रेच्या टोकापर्यंत गेलं. तुम्ही तो बंद केलात आणि मग अगदी हळू विचारलंत, "बाकीचं ऱ्हाऊ दे. तू बसतीस का न्हाई, तेवढं सांग."

"नाही बसत," मी म्हणाले.

बास. मला वाटलं होतं चिडाल, लोकांसमोर झापाल. मी तयारीत होते, वाऱ्याचा जोर, काळी माती, खुंटांची पकड, सगळी पुस्तकातली वाक्यं ओठावर आणून. तुम्ही भोंगा परत लावलात आणि म्हणालात, "मंडळी, पाळणा आज बंद हाय. माफी असावी." मग पाना घेऊन तारा सोडायला बसलात. मी तुमची एक तार ओढून बघितली नाही. एक खुंट हलवून बघितला नाही. वाळूची पोती डब्यांत टाकून फिरवला असता तर दुपारपर्यंत सगळं कळलं असतं, ते सुद्धा सुचवलं नाही. इंजिनिअर म्हणे! मला तिथून फक्त निघायचं होतं, आणि निघायला तेवढं एक कारण मिळालं.

ज्या पाळण्यात मालकाची लेक बसत नाही त्यात गाव कशाला बसेल? बातमी तुमच्या ट्रकाआधी पुढच्या जत्रेला पोचली. कराडकडचा एक पाळणेवाला आला होता, आहे तसा विकत घ्यायला. आई सांगते, तुम्ही त्याला चहा पाजलात, पाहुणचार केलात आणि म्हणालात, "माझ्या लेकीनं बसाय न्हाई म्हटलं. तुझ्या लेकीला कसं बसवू रं?" दुसऱ्या दिवशी गॅसकटरवाला बोलावून सगळ्याचे तुकडे केलेत, परत कुणाला जोडता येऊ नयेत असे. मी तेव्हा सांगलीत पोरांचे पेपर तपासत होते आणि ज्यानं नुसतं उत्तर लिहिलंय, रीत दाखवली नाही, त्याचे मार्क कापत होते. याला काय म्हणावं.

पुढं तुम्ही फलटण रस्त्याला रसवंती टाकलीत. जो ऊस कुणीबी लावंल म्हणून सोडला, तोच चरकात घालत बसलात. त्यापायी तुम्ही मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मी सुटले असते. पण तुम्ही काय केलंत? रस प्यायला थांबलेल्या प्रत्येकाला सांगायचात, "आमच्या लेकीनं मानसांचा जीव वाचिवला, गड्या. मला इतकी वर्सं दिसलं न्हाई ते तिला एका नजरंत दिसलं." मी समोर रसाचा ग्लास धरून उभी असताना! "आबा, मी काहीच तपासलं नव्हतं," एवढं वाक्य बोलायचं होतं. दर वेळी एसटीत बसून यायचे ते घोकत आणि परत जायचे ते तसंच घेऊन. आईला मात्र मी फसवू शकले नाही. ती एकदा भाकरी थापता थापता माझ्याकडं न बघता म्हणाली, "खोटं न्हाई बोललीस तू. पर खरंबी न्हाई बोललीस." आणि तव्यावरची भाकरी उलटली. तुमच्या तेराव्याला गावातली माणसं मला येऊन हेच सांगत होती, की तुझा बाप तुझं लय नाव काढायचा. मी मान खाली घालून सगळ्यांना नमस्कार करत होते. लोकांना वाटलं, पोरगी दुःखात आहे.

हे सगळं मी चांगलं दडपून ठेवलं होतं. गेल्या आठवड्यात वर आलं. कुपवाडला एका माणसाचं लहानसं शेड आहे, त्यानं ती पट्टी आम्हाला बनवून दिली. स्वतः घेऊन आला होता, मांडीवर ठेवून, लहान मूल आणावं तशी. आमचे मोठे साहेब मुद्दाम बघायला आले. पट्टी उघडली, सरळ गेली, आणि टोक लागलं डोलायला. साहेबांनी तोंड वाकडं केलं. "छे, हे हलतंय. नापास करा, दुसऱ्याकडून बनवून घेऊ."

तो कुपवाडकर काही तुमच्यासारखा नव्हता. उसळलाच. "आवं साहेब, एवढी लांब हाय, हलनार न्हाई तर काय करंल? खांब हाय व्हय ती? हलून थांबती का न्हाई, ते तरी बगा!" बोलताना त्याच्या कपाळावर घाम आला होता. बहुतेक त्या एका पट्टीवरच सगळं लागलेलं असावं त्याचं.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, तुम्ही बघून सांगताय की तपासून?"

साहेबांनी हातानंच 'करा' म्हटलं. प्रश्न लागला मात्र मला. चेहरा सरळ ठेवून दोऱ्या परत तोलल्या, टोकाला रेटा लावला, वाढवत गेले. पट्टी डोलायची, डोलून डोलून थांबायची, जागेवर यायची. वर गेल्यावर लागणार तेवढा जोर लावला, मग त्याहून जास्त लावला. टिकली. डोलणं म्हणजे मोडणं नव्हे, आबा. धक्का बसल्यावर जे परत जागेवर येतं ते टिकाऊ. काही पट्ट्या तसूभर हलत नाहीत आणि एका क्षणी अशा मुरगळतात की सांगायलाही उरत नाहीत. नुसत्या डोळ्यांना यातलं काही कळत नाही, म्हणून तर माझ्यासारखीला नोकरीवर ठेवतात. मी सही केली. कुपवाडकरानं हात जोडले आणि म्हणाला, "मॅडम, तुमी तपासलं म्हणून वाचलो." मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले. कोण कुठला तो, त्याच्या पट्टीला मी तासभर दिला. तुम्हाला पाच मिनिटं दिली नाहीत.

आईला हे सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. पण तिच्यापासून लपवून काही जिरत नाही. ती मेथी निवडत होती, मी शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. जत्रेतली लाजसुद्धा सांगितली. तिनं ऐकून घेतलं, जुडी संपवली, देठ गोळा केले.

"मग आता कर की," म्हणाली.

"काय?"

"गणित. लोखंड न्हाई ऱ्हायलं म्हणून काय झालं? सगळं नंबरावारी पाठ हाय की तुला. झोपंतबी बडबडायचीस."

"आई, आता करून काय उपयोग?"

"तुला नसंल. मला हाय." ती पहिल्यांदाच तिखट बोलली. "बुडत्यावानी रसवंतीवर बसलेला मानूस बघितलाय मी. तो पाळणा वाईट होता का चांगला होता, कुनी सांगितलं मला? मी इतकी वर्सं बिगररिपोर्टाची बसलीया. काय निगंल ते सांग. चांगला होता तरी सांग, वाईट होता तरी सांग. आन रडायचं आसंल तर गणित झाल्यावर रड."

म्हणून आज हे कागद. तिला मी शब्द दिलाय की सुट्टीच्या दिवशी करते. आत्ता ती स्वयंपाकघरात आहे, कुकरच्या शिट्ट्या मोजतेय आणि मधूनमधून दारातून डोकावतेय. तिला वाटतंय मी आकडे मांडतेय. गणित अवघड नाही, जेवायच्या आत होईल. कैच्यांची उंची, आसाची जाडी, तारांचा कोन, सगळं माझ्याजवळ आहे. काळ्या मातीत खुंट किती धरतो याचेही अंदाज असतात. वाऱ्याचा जोरही धरता येतो, जरा जास्तच धरला तरी चालेल.

जरा जास्तच. बघितलंत? हे लिहिताना मला कळलं मी काय करणार होते ते. कंपनीत कोणी नवीन आलं की मी पहिल्याच दिवशी सांगते, ज्याला निकाल आधीच ठरवून हवा असतो त्यानं तपासणीला हात लावू नये. आणि मला हवाय, आबा. तुमचा पाळणा मला नापास व्हायला हवाय. तो नापास झाला तर तुम्ही रसवंतीवर सांगायचात ते सगळं खरं ठरतं, मी माणसं वाचवली असं होतं, लाज राहते एका बाजूला. मग लहानपणी तुम्ही मला रोज मरणाच्या दारात बसवत होता असं ठरलं तरी मला ते चालेल, म्हणजे बघा किती खाली आलेय मी. आणि तो चांगला निघाला तर काय करायचं, याचं उत्तर मला कुठल्याच पुस्तकात मिळालेलं नाही.

कुकर उतरवला वाटतं. ती पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिलीय.

"झालं का गं?"

"होत आलंय," मी म्हणाले. एवढे कागद भरले, पण त्यांत आकडा एकही नाही.